बिनलेबलाची बाटली

तळघरातली ती बाटली सकाळ-संध्याकाळ आवाज करायची. सकाळी दिवे लागून खोलीत जरा ऊब आली की एकदा, आणि सगळे घरी निघाले, खोली गार पडू लागली की पुन्हा. टक. प्लास्टिकच ते. तापलं की फुगतं, निवलं की आत ओढलं जातं. नलिनी खानोलकरला हे कारण पक्कं ठाऊक होतं, कुणी विचारलं असतं तर तिने ते समजावूनही सांगितलं असतं. तरी दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा, कारण बाटलीचं झाकण घट्ट बसलंय की नाही हे गुरुनाथ देसाई बोटाच्या पेराने तसंच ठोकून बघायचे. आणि देसाई जूनमध्येच गेले होते.

आता ही नलिनी म्हणजे भुताखेतांना भिणारी बाई नव्हे. रत्नागिरीची ती. नवरा जयंत केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. बदली होऊन चंडीगडला आला, पुढची बदली या ना त्या कारणाने लांबत गेली आणि दोघं इथलीच झाली. सेक्टर ३४ मध्ये कोचिंग क्लासच्या पाट्यांनी वरपासून खालपर्यंत झाकलेली एक इमारत आहे. तिच्या तळघरात पाणी-माती तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा आहे, तिथे तिला नोकरी लागली. काम नमुने पाठवण्याचं. साधी तपासणी तिथल्या तिथे व्हायची, पण पाण्यात शिसं आहे का, आर्सेनिक आहे का, हे बघायला नमुने विमानाने पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत जायचे. ते वाटेत गळू नयेत आणि विमानतळावरून कुणी पेटी परत पाठवू नये, ही नलिनीची जबाबदारी.

वाटतं तितकं ते सोपं नाही. नुसतं पाणी भरून ठेवलं तर त्यातले धातू बाटलीच्या अंगाला चिकटून बसतात आणि घाण पाणी कागदावर स्वच्छ ठरतं. म्हणून बाटलीत आधीच थोडं नायट्रिक ॲसिड मोजून घातलेलं असतं. अगदी थोडं, पण विमानवाल्यांच्या लेखी ॲसिड ते ॲसिड. ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर पेटी साध्या मालासारखी जाते. मर्यादा ओलांडली की तो धोकादायक माल, त्याचे डबे वेगळे, कागद वेगळे आणि खोळंबाही वेगळा. त्यामुळे प्रत्येक बाटलीत काय आहे, किती आहे आणि ते कुणी घातलं, हे नलिनीला सहीनिशी सांगावं लागे. झाकणावर टेप, प्रत्येक बाटलीला वेगळी पिशवी, भोवती गळती टिपणारे जाड कागद, बर्फ दुहेरी पिशवीत. आणि या सगळ्यावर एक नियम: ज्या बाटलीवर लेबल नाही, तिच्यात सगळ्यांत वाईट तेच आहे असं धरून चालायचं. नव्या माणसाला हा नियम नलिनी स्वतः शिकवायची, आणि शिकवताना तिचा आवाज असा चढायचा की वरच्या क्लासातली पोरंही गप्प बसत असतील.

घरीही तोच खाक्या. मिठाच्या डब्यावर 'मीठ', साखरेच्या डब्यावर 'साखर', डाळीच्या डब्यावर तर डाळ भरल्याची तारीखसुद्धा. जयंत म्हणायचा, "माझ्या कपाळावर पण एक चिकटव, उगाच घोळ नको." ती म्हणायची, "तुझी मुदत कधीच संपली आहे." जूननंतर हे विनोद बंद पडले. फ्रिजमधल्या बाटलीला हात लावताना ती थबकू लागली. तहान लागलेली असायची, बाटली समोर असायची, आणि पाणी घशाखाली उतरायचं नाही. जयंत बिचारा पेला भरून तिच्या हातात द्यायचा.

देसाई मूळचे गडहिंग्लजचे, हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. गावोगाव फिरून नमुने आणायचं काम त्यांचं. मुलगी झाली तेव्हा त्यांची पोस्टिंग श्रीनगरला होती म्हणून तिचं नाव कश्मिरा ठेवलं, आणि "नशीब, तेव्हा भटिंड्याला नव्हतो" हे ते भेटेल त्याला सांगून स्वतःच हसायचे. पोट नाजूक. बाहेरचं पाणी त्यांना सोसत नसे, म्हणून घरून न्यायचे. आणि न्यायचे कशातून, तर नमुन्याच्याच कोऱ्या पांढऱ्या बाटलीतून. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांची ही जुनी खोड. नमुन्याची कोरी बाटली बाजारातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा स्वच्छ असते, तिचं झाकण गळत नाही, शिवाय फुकट. साहेबांपासून शिपायापर्यंत जवळपास प्रत्येकाच्या टेबलावर एकेक दिसायची. देसायांनी आपल्या बाटलीला निळ्या टेपची पट्टी गुंडाळली होती, तीच काय ती ओळख.

ती पट्टी नलिनीने काढली. प्रयोगशाळेची पाहणी करायला लोक येणार होते आणि ती आदल्या दिवशी खोलीभर फिरून नियमात न बसणारं एकेक उचलत सुटली होती. देसायांच्या टेबलावरची बाटली तिने उचलली आणि टेप नखाने सोलून काढली.

"देसाई, रंगीत टेप ही आपल्याकडे कपाटातल्या तीव्र ॲसिडची खूण असते. घरची हौस इथे नको."

"बरं मॅडम," देसाई म्हणाले. "माझी बाटली मला अंधारात पण ओळखू येते."

खरं तर तिने म्हणायला हवं होतं की या बाटलीतून पाणीच पिऊ नका. पण तिच्या स्वतःच्या टेबलावरही तशीच एक बाटली होती, त्यामुळे तो विषय तिने काढला नाही. देसाई जराही रागावले नाहीत. त्यांनी तिच्यावर थोडा आवाज चढवला असता तर पुढचे महिने तिला जरा सोपे गेले असते.

त्यानंतर लवकरच ते एका बंद कारखान्यामागच्या वस्तीत हँडपंपांचं पाणी आणायला गेले. लू, म्हणजे उत्तरेकडचा तो भाजून काढणारा वारा, सुटलेली. पाणी गार राहावं म्हणून आपली बाटलीही त्यांनी नमुन्यांच्या बर्फाच्या पेटीत ठेवली होती. शेवटच्या पंपाचं पाणी भरून बाटली पेटीत ठेवली आणि तिच्यावर लेबल लावायच्या आतच त्यांना भोवळ आली असावी. गाडीचं चाक पंक्चर झालं होतं, ड्रायव्हर ते घेऊन मुख्य रस्त्याला गेला होता. तो परत आला तेव्हा देसाई पेटीला टेकून बसलेले, पेटीचं झाकण उघडं आणि अंग चटका बसेल इतकं तापलेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. डॉक्टरांनी उष्माघात म्हणून सांगितलं.

पेटी तळघरात आली ती नलिनीनेच उघडली. सगळ्या बाटल्यांवर देसायांच्या अक्षरातली लेबलं होती, फक्त दोन कोऱ्या. दोन्ही सारख्याच, दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या. तिने एकीत तपासणीची पट्टी बुडवली, ती लाल झाली. म्हणजे हे शेवटच्या पंपाचं पाणी, ॲसिडातलं. दुसरी उघडायला तिचा हात धजावला नाही.

"एखादी जास्तीची भरून ठेवली असेल त्यांनी," साहेब हिंदीत म्हणाले, आणि ती बाटली अनोळखी मालाच्या ट्रेमध्ये गेली.

नलिनीने मान हलवली. पण तिला तेव्हाच सगळं डोळ्यांपुढे दिसलं होतं. एका बाटलीत घरचं पाणी, एकीत ॲसिड, बाहेरून दोन्ही एकच. ॲसिड आधीच मोजून घातलेलं म्हणून तपासायच्या पट्ट्या कुणी बरोबर नेत नसे. समोरच्या पंपाचं पाणी विषारी असल्याचा संशय, म्हणून तर ते तिथे गेले होते. झाकण उघडून माणूस बसला असेल, दोन्हींकडे बघत राहिला असेल, आणि तिनेच शिकवल्याप्रमाणे त्याने दोन्ही बाटल्या वाईट धरल्या असतील. हे तिने कुणालाही सांगितलं नाही, फक्त जयंतला सांगितलं.

"मग उघड आणि बघ एकदाची," जयंत म्हणाला. "ॲसिड निघालं तर सुटशील."

"आणि पाणी निघालं तर?"

जयंतने उठून पेला भरला आणि तिच्या हातात दिला.

लेबल असलेले नमुने पुण्याला गेले, त्यांचे निकाल आले, वस्तीतले दोन पंप बंदही झाले. ही बाटली तेवढी राहिली. नलिनीने ट्रे वरच्या फळीवरून खालच्या फळीवर नेला, मग कपाटात ठेवून दार लावलं. आवाज दाराआडूनही यायचा. पेट्या बांधताना तिला पाठीमागे कुणीतरी आपल्या पाळीची वाट बघत उभं असल्यासारखं वाटायचं. एकदा संध्याकाळी टक झालं आणि तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "आले हं, देसाई." स्वतःचा आवाज ऐकून ती इतकी घाबरली की पर्स तिथेच टाकून वर रस्त्यावर आली आणि क्लास सुटलेल्या पोरांच्या घोळक्यात उगीचच उभी राहिली. कितीतरी वेळा तिला निळी टेप स्वप्नात दिसे. ती सोलत राही आणि टेप काही संपत नसे.

धुक्याचे दिवस आले. जुनी रसायनं उचलून नेणारी गाडी येणार होती आणि तिचाही नियम तोच, बिननावाची बाटली घ्यायची नाही. त्या बाटलीत काय आहे ते ठरवून टाका, असं साहेबांनी बजावलं. आणि नेमका त्याच आठवड्यात देसायांच्या बायकोचा, नीलाचा फोन आला.

"ताई, त्येंची पाण्याची बाटली तुमच्याकडं हाय का वं? डबा आला, चष्मा आला, टोपी आली. बाटली तेवढी न्हाई आली. पांढरी, तुमच्या हापिसातलीच."

नलिनीने तिला यायला सांगितलं. आता खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं, टेपचंसुद्धा सांगायचं, आणि नीला जे बोलेल ते खाली मान घालून ऐकायचं, असं तिने मनाशी ठरवलं. तिला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा थोडं बरं वाटलं.

नीला आली तेव्हा बरोबर कश्मिराही होती. मुलगी बारावीला, याच इमारतीत वरच्या मजल्यावर मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला यायची. पाठीवर जड दप्तर, तोंडावर मफलर. नीला ओळखू येणार नाही इतकी वाळली होती. नलिनीने कपाटातून ट्रे काढून टेबलावर ठेवला. नीला बाटलीकडे बघत राहिली, पण तिने हात लावला नाही.

"ह्यात काय हाय, ताई?"

"ते अजून बघितलेलं नाही. तुमच्यासमोर बघते," नलिनी म्हणाली. "पण त्याआधी मला तुम्हाला काही सांगायचं आहे."

"आदी माझं ऐका," नीला म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, आणि इतकी वर्षं छावण्यांतून काढूनही नीलाचं ते सुटलं नव्हतं. "त्या दिवशी दुपारी त्येंचा फोन आला हुता. मी सेक्टर सतराला बँकेत, लायनीत उभा हुतो. म्हणाले, नीले, आज पाण्यात काय घातलंयस का? मी म्हटलं, न्हाई, साधंच हाय. बरं म्हणाले आणि ठेवला. तेवढंच. त्येनंतर बोलणंच न्हाई."

नलिनीचे हात टेबलावर होते ते तिथेच राहिले.

"उन्हाळ्यात मी लिंबू पिळून द्येतो," नीला पुढे म्हणाली. "चिमूटभर मीठ. रोज. त्या दिवशी लिंबू घरात हुतं, ताई. ओट्यावरच हुतं. कट्टाळा केला मी. म्हटलं, एक दिवस साधं पिऊ द्येत. आणि त्येनी तेच का इचारलं? सात म्हयनं मी ह्योच इचार करतोय. झोपंत बी करतो. का इचारलं असंल वं त्येनी?"

का विचारलं ते या जगात एकट्या नलिनीला त्या क्षणी कळलं होतं. पाण्यात लिंबू असतं तर वास आला असता, रंग गढूळ दिसला असता. दोन बाटल्यांतून आपली शोधण्यासाठी माणसाने घरी फोन केला होता, आणि उत्तर आलं होतं, साधंच आहे. खरं सांगून मोकळं व्हायचं म्हणजे हे या बाईच्या पदरात घालायचं. टेपचं ओझं आपलं आपल्याला पेलेल, नाही पेललं तरी ते आपलंच आहे. पण ओट्यावरच्या त्या लिंबाचं हिने काय करायचं? नलिनीला स्वतःची अतिशय चीड आली. आपण हलकं व्हायला निघालो होतो, आणि तेही हिच्या जिवावर.

"थांबा," ती म्हणाली. तिने बाटलीचं झाकण उघडलं. पट्ट्यांच्या डबीवर रंगांचा तक्ता छापलेला असतो, त्यावर तिने सहज ठेवल्यासारखा तळहात ठेवला. पट्टी पाण्यात बुडवून बाहेर काढली. ती लाल झाली नाही. पिवळट हिरवी होती, साध्या पाण्यात होते तशी.

"ॲसिड आहे," नलिनी म्हणाली.

"म्हंजी?"

"म्हणजे ही त्यांची बाटली नव्हे. ही नमुन्याची, जास्तीची. त्यांची बाटली तिथेच कुठेतरी पडली असेल. रिकामी झाल्यावर माणूस बाटली सांभाळत बसत नाही."

नीलाने मान वर केली. "रिकामी?"

"हो. पाणी प्यायले ते. पिता पिताच तुम्हाला फोन केला असणार. उन्हात पाणी तापलं की चव बदलते, म्हणून विचारलं, काही घातलंयस का." तिचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचं तिलाच आश्चर्य वाटलं. "तुमचंच पाणी पिऊन गेले. ऊनच तसं होतं. पाण्याने भागलं नाही."

नीला पट्टीकडे बघत होती. छावण्यांतून संसार केलेल्या बाईला कुणाच्या शब्दावर भुलायची सवय नसते. "ह्यो असला हिरवा रंग म्हंजी ॲसिड?" असं म्हणून ती मुलीकडे वळली. "काय गं, तू शिकतीस न्हवं हे? बघ बरं."

कश्मिरा पुढे झाली. तिने पट्टी बघितली. मग नलिनीचा डबीवरचा तळहात बघितला, आणि मग आईचा चेहरा. नलिनीला वाटलं, आता संपलं. नववीतल्या पोरालाही या रंगाचा अर्थ कळतो, आणि ही तर डॉक्टर व्हायला निघालेली.

"हाँ मम्मी," कश्मिरा म्हणाली. "एसिड ही है."

नीला मटकन खुर्चीत बसली. पदर तोंडाला लावून ती रडली, पण ते रडणं वेगळं होतं, पाय मोकळे सोडून बसल्यासारखं. "प्याले म्हणायचं मग," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "पीत पीतच फोन केला म्हणायचा. तरी म्हटलं, असं का इचारतील." तिच्यासमोरच नलिनीने एक लेबल घेतलं, त्यावर नायट्रिक ॲसिड लिहिलं, खाली सही केली आणि ते बाटलीला चिकटवलं. न तपासलेल्या एका थेंबावरही तिने आजवर सही केली नव्हती. या खेपेला तर तपासून, डोळ्यांनी बघून, उलटं लिहिलं.

जाताना नीलाने तिचे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्ही काय सांगणार हुता? मी मधीच बोललो."

"काही नाही," नलिनी म्हणाली. "देसाई फार चांगले होते, एवढंच."

नीला जिना चढून गेली. कश्मिरा दप्तराचा पट्टा नीट करत मागे रेंगाळली. तिला मराठी सगळं कळायचं, पण ती बोलायची हिंदीच.

"आंटी, मम्मी को कभी मत बताइएगा."

"नाही सांगणार, बाळा."

"और मुझे भी कुछ नहीं पता," कश्मिरा म्हणाली. "ठीक है?"

नलिनीला उत्तर द्यायचं होतं. तिला म्हणायचं होतं, की अगं, तू हे घेऊ नकोस, हे मोठ्यांचं आहे, ये, बस माझ्याजवळ. पण मुलीने मफलरच्या टोकाने डोळे पुसले, आईला दिसू नये म्हणून पुन्हा नीट पुसले आणि ती भराभर वर गेली.

वरून नीलाचा आवाज आला. कितीतरी दिवसांत असा मोकळा आवाज तिचा नसेल. "चल गं, कायतरी खाऊया. भूक लागली मला."

"हाँ मम्मी, छोले-भटूरे?" कश्मिरा म्हणाली, आणि वर हसलीसुद्धा.

सतरा वर्षांची पोर. इतकं साफ हसली, की ती कुठलं काय गिळून हसते आहे हे जन्मदात्या आईलाही कळू नये. नलिनी खाली ऐकत होती. देसायांच्या मृत्यूनंतर ती घाबरली होती, झुरली होती, पण रडली नव्हती. आता ती खुर्चीत बसली आणि मोठ्याने रडू लागली.